प्रकरण एकोणिसावे : दुसरी गाठ

सुट्टीच्या दिवशी बॉयलर पेटवायचा नाही, हा नियम अण्णांच्या आईनं घालून दिला होता. सुट्टीच्या दिवशी आपण खाली लाँड्रीत पाय ठेवणार नाही, हा नियम त्यांच्या बायकोचा, माईचा होता आणि तो तिनं लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, बरीच हिकमत लढवून मिळवला होता. त्या रविवारी अण्णांनी पहिला नियम पाळला आणि दुसरा मोडला. बैठक खाली होईल, घडीच्या टेबलापाशी, असं त्यांनी सकाळचा चहा पिता पिता सांगून टाकलं. वर सगळे मावत नाहीत, असं कारण दिलं. सगळे म्हणजे पाच माणसं. याच वरच्या खोलीत एके काळी लाँड्रीतल्या झाडून सगळ्या बायका मांडीला मांडी लावून जेवत. वर अण्णांचं कोणी फारसं ऐकत नसे आणि खाली सगळ्यांना ऐकावं लागे, एवढंच काय ते खरं कारण होतं. माईला ते सांगायची गरज नव्हती आणि अण्णांना तसलं काही कबूल करायची सवय नव्हती.

जेवणं झाल्यावर ते सगळ्यांच्या आधी खाली उतरले. लांबलचक टेबल, चादरी घासून घासून हाताला गार आणि गुळगुळीत लागणारं. त्याच्या पलीकडे रोलर. ओली चादर एका बाजूनं दोघींनी ताणून आत सोडायची, तापलेल्या रुळांमधून ती कोरडी, सरळ होऊन पलीकडे येते, तिथं आणखी दोघींनी धरायची. असं हे चौघींचं काम गेली चार वर्षं दोघी करत होत्या. पलीकडे थोरली लेक, अलीकडे माई. माई चादरीचं एक टोक लावून द्यायची आणि लगबगीनं जाऊन दुसरं लावायची, तेवढ्यात पहिलं तिरकं जाऊ लागलेलं असायचं. दिवसभर ती त्या रोलरपुढे अशी येरझाऱ्या घालायची. अण्णा समोर दाराच्या चौकटीत बसून आलेल्या-गेलेल्या गठ्ठ्यांवर नजर ठेवत आणि तिचं कौतुक करत.

सगळ्यांना जगण्याची हमी आली तेव्हा अण्णा म्हणाले होते, सहा महिने थांबा, लोक कंटाळून परत येतील. घर, जेवणखाण, औषधपाणी, मुलांची शाळा, सगळं प्रत्येकाला, काम करा की करू नका. वरची हौसमौज हवी असेल त्यानं कामावर जावं. फुकट बसून माणूस वेडा होईल, असं त्यांचं मत होतं. लोक काही वेडे झाले नाहीत. लाँड्रीतली एक बाई बदकं पाळू लागली. एक गाणं शिकायला जाऊ लागली, आवाज नसताना. एकीनं तर सरळ सांगितलं की आधी वर्षभर झोपणार आहे, मग काय ते बघू. अण्णा प्रत्येकीला हसले आणि प्रत्येकीचा एप्रन त्यांनी आपल्या हातानं सोडला.

ही या लाँड्रीची रीत. नवी बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिचा एप्रन घरच्या माणसानं बांधायचा. काम कायमचं सोडताना तिनं मालकाकडे पाठ करून उभं राहायचं आणि मालकानं गाठ सोडायची. मधल्या सगळ्या वर्षांत रोज आपली आपण बांधा, आपली आपण सोडा. पण शेवटची गाठ स्वतः सोडायची नाही. अण्णांच्या आईचं म्हणणं असं, की बाई तोंडानं 'पुरे' म्हणायला लाजते, तेव्हा तिला तोंड उघडायला लावूच नये. म्हातारी कडक होती, पण हे तिनं मायेनं ठरवलं होतं. माईचा एप्रन लग्नानंतर तिनंच बांधला होता. ती गेल्यावर तो सोडायचा हक्क अण्णांकडे आला.

एकेक बाई गेली, तसे अण्णा गाठ सोडताना माईकडे बोट दाखवून म्हणत, हिलाही हमी मिळते बरं का, ही गेली का कुठे? आणि अगदी शेवटची बाई गेली त्या संध्याकाळची एक आठवण त्यांनी मनात जपून ठेवली होती. सगळं आवरून झालं होतं, दिवे मालवायचे राहिले होते. माई आली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. बोलली काहीच नाही. अण्णांनी तिच्या एप्रनची सैल झालेली गाठ नीट बांधली, वर आणखी एक गाठ मारली आणि पाठीवर हलकेच थोपटलं. दोघांच्या संसारात लाडाचं असं फारसं कधी घडलं नव्हतं. म्हणून असेल, पण ती संध्याकाळ त्यांना वरचेवर आठवायची, आणि आठवली की ते लगेच दुसरं काहीतरी काम काढायचे.

थोरली खाली आली ती हात पुसत. सुट्टीच्या दिवशीही रोलरच्या साखळीला तेल दिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. अण्णा आज काय बोलणार, हे तिला अर्धं माहीत होतं. लाँड्री तिच्या हवाली होणार. शाळा सुटल्यापासून तिला दुसरं काही नको होतं. बॉयलरनं वाफ धरल्याचा आवाज ऐकला की अजूनही तिच्या अंगावर शहारा यायचा. हे ती कोणाला सांगत नसे. या घरात काम हे करायचं असतं, आवडायचं नसतं. आवडतं म्हटलं असतं तर अण्णांनी त्याला काम म्हटलंच नसतं. भीती तिला उरलेल्या अर्ध्याची होती. लाँड्रीसोबत अण्णा धाकट्या भावालाही तिच्या गळ्यात बांधणार, आणि तो काही बांधून घेणार नाही, आणि मग दोघांचं भांडण तिला आयुष्यभर सोडवत बसावं लागणार.

आत्या आल्या त्या नव्या बुटांत, पत्त्यांचा डाव अर्धा टाकून आल्याची कुरकुर करत. अण्णांची ही धाकटी बहीण हमी आल्यावर पहिल्याच आठवड्यात पाठ करून उभी राहिली होती. अण्णांनी गाठ सोडली आणि वर्षभर तिच्याशी अबोला धरला. मागून धाकटा आला, ओल्या केसांनी, नदीत पोहून. धाकटा पोहायचा, दुपारी झोपायचा, कोणी फारच विनवलं तर सायकल दुरुस्त करून द्यायचा आणि संध्याकाळी पुलावर बसायचा. काय करतोस, असं विचारलं की म्हणायचा, काही नाही. ते तो इतक्या शांतपणे म्हणायचा की अण्णांचं पित्त खवळायचं. सगळ्यात शेवटी माई जिना उतरली, कठड्याला धरून, एकेक पायरी.

अण्णांनी उभ्यानंच सुरुवात केली. लाँड्री त्यांच्या आईनं एका हंड्यावर कशी सुरू केली, इथपासून. आत्यांनी जांभई दाबली. मग ते मुद्द्यावर आले. उद्यापासून लाँड्री थोरलीची. त्यात दुमत नाही. पण रोलरला माणसं कमी आहेत, बाहेरचं कोणी येत नाही, तेव्हा घरच्यांनीच उभं राहायचं. धाकट्यानं उद्या सकाळी खाली यायचं आणि आईच्या जोडीनं चादरी लावायच्या. एवढं बोलून ते बसले, जणू काम झालंच.

"अण्णा, मी येणार नाही," धाकटा म्हणाला.

"का? कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. यावंसं वाटत नाही."

यावंसं वाटतं म्हणून कोण कामाला जातं, असं अण्णांनी विचारलं. त्यावर आत्या म्हणाल्या, की दादा, आता तसंच तर जातात सगळे, तूच एकटा मागे राहिलास. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थोरली मात्र बापाच्या बाजूनं पुढे सरसावली. आत्याच्या बुटांचा, भावाच्या ओल्या केसांचा, सगळ्यांचाच तिला एकदम राग आला होता. तिनं धाकट्याला विचारलं, की दवाखान्यात पेशंट झोपतात त्या चादरी कोण धुतं? उद्या तू आजारी पडलास तर मळक्या चादरीवर निजशील का? हमी हमी म्हणता, ती काय आकाशातून पडते? कोणाच्या तरी हातातूनच येते ना?

धाकट्यानं वाद घातला नाही. तो टेबलावर हात फिरवत राहिला. "तुझं खरं आहे, ताई," तो म्हणाला. "त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण अण्णा मला चादरींसाठी बोलवत नाहीयेत. मी बसलेला त्यांना बघवत नाही, म्हणून बोलवतायत. चादरी उरल्या नसत्या तर त्यांनी मला विटा इकडून तिकडे न्यायला लावल्या असत्या."

थोरलीला हसू आलं आणि ते तिनं गिळलं. कारण ते खरं होतं.

अण्णांचा चेहरा लाल झाला. बाजू आपल्या हातातून निसटतेय, हे त्यांना कळत होतं, आणि अशा वेळी ते नेहमी करत तेच त्यांनी केलं. "तुझ्या आईकडे बघ," ते म्हणाले. "तिला हमी मिळत नाही? तिला कोणी जबरदस्ती केली? अरे, जिला कधीही घरी बसता आलं असतं ती बाई चार वर्षं एकटी रोलरपुढे उभी आहे. का? कारण तिला कामाची किंमत आहे. तिला एका शब्दानं सांगावं लागलं नाही."

माई हात मांडीत घेऊन बसली होती. हे सगळं तिनं आज बोलायचं ठरवलं नव्हतं. उद्या सकाळी, वर, चहाच्या वेळी, दोघंच असताना ती हळूच सांगणार होती. वाक्यंसुद्धा तिनं जुळवून ठेवली होती. पण आपलं उभं राहणं उचलून कोणाच्या तरी डोक्यात घातलं जातंय, आणि तेही आपल्याच लेकाच्या, हे तिला सहन होईना. जुळवलेलं एकही वाक्य तिला त्या क्षणी आठवलं नाही.

"अहो, माझं नाव त्यात घेऊ नका," ती म्हणाली.

"का? खोटं सांगतोय का मी?"

"मी उद्यापासून येणार नाही."

अण्णा हसले. मुलाची बाजू घेतेय, असं त्यांना वाटलं. असू दे, असू दे, म्हणून त्यांनी हात हलवला. मग माईनं शांतपणे पुढचं सांगितलं. काल संध्याकाळी एप्रन काढला तो शेवटचा. गाठ तिची तिनंच सोडली. हमीत प्रत्येकाला राहायला जागा मिळते, तशी तिनंही मागितली होती. पुलापलीकडच्या इमारतीत एक खोली मिळाली आहे, पहिल्या मजल्यावर, खिडकीची. ती आज संध्याकाळी तिकडे जाणार आहे.

सगळ्यात आधी थोरली सावरली. "हे कोणाला माहीत होतं?"

"मला," धाकटा म्हणाला. "खुर्च्या मी पोचवल्या."

थोरलीनं आईकडे पाहिलं. चार वर्षं रोज ती या बाईच्या समोर उभी होती, मध्ये फक्त चादर. सगळ्या जगात आपल्याइतकं माईच्या जवळ कोणी नाही, असं ती धरून चालली होती. आणि माईनं सांगितलं कोणाला, तर या पोहणाऱ्याला. ती चिडून बोलू लागली, आणि जे मनात होतं ते सोडून भलतंच बोलत गेली. उद्या सकाळी दवाखान्याची गाडी येणार आहे. मी एकटी रोलर कसा चालवू? निदान महिनाभर थांब, मी कोणीतरी बघते. माझ्यासाठी एवढं कर.

"बाळ, तू गेल्या वर्षीही महिनाभरच म्हणाली होतीस," माई म्हणाली. "त्याच्या आधीच्या वर्षीही. मी तुला दोष देत नाही. तुला हात हवे होते, माझे समोर होते."

माईचे पाय संध्याकाळी सुजतात, हे थोरलीला ठाऊक होतं. रोज दिसत होतं. विचारलं तर माई खरं सांगेल आणि मग काम थांबवावं लागेल, म्हणून तिनं विचारलं नव्हतं. एवढं साधं होतं ते. तिला आपली फार लाज वाटली.

आत्या इतका वेळ नव्या बुटांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, मी सुटले त्या दिवशी तुम्हाला म्हणायला हवं होतं, चला, दोघी सुटू. मनात आलं होतं हो. पण दादा आधीच इतका तापलेला, म्हटलं आपलं आपण निघावं." पत्त्यांच्या डावाची आठवण पुन्हा त्यांनी काढली नाही.

"वन्सं, जाऊ द्या आता," माई म्हणाली.

धाकट्याला आता बसवेना. आपण निवांत बसलेलो असताना आई उभी होती, ही गोष्ट त्याला कोणी सांगायला नको होती. दर संध्याकाळी पुलावर बसून तो हाच विचार करायचा. पण माईला बसवा असं म्हणायला तो अण्णांपुढे गेला असता, तर अण्णा म्हणाले असते, मग तू उभा राहा. त्या एका वाक्याच्या भीतीनं त्यानं चार वर्षं तोंड उघडलं नव्हतं. शेवटी काय केलं, तर दोन खुर्च्या उचलून नेल्या.

"मी येतो," तो म्हणाला. "उद्यापासून. माईच्या जागी."

अण्णांची मान वर झाली. थोरलीनंही श्वास सोडला. क्षणभर सगळं सोपं झाल्यासारखं वाटलं, बापलेकांची बाजू एक होऊन माईला रीतसर निरोप देता येईल असं.

"तू येणार असशील तर मी काम सोडत नाही," माई म्हणाली. "माझी दया येते म्हणून उभा राहिलास, तर तुझी दया आली की मी परत येईन. मग हे कधी संपायचंच नाही. तुला मनापासून यावंसं वाटलं तर ये. ताईला हातभार लावायला ये. दोन दिवस ये, नाहीतर दोन तास ये. माझ्या जागी येऊ नकोस. ती जागा मी कोणाला देत नाहीये."

मग ती थोरलीकडे वळली आणि म्हणाली, तुला हे काम आवडतं, मला माहीत आहे. बॉयलर पेटला की तुझा चेहरा कसा होतो, ते मी समोरून रोज बघितलंय. म्हणून तर इतकी वर्षं रेटलं. पण ज्याला आवडतं त्यानं करावं, गं. मला कधी आवडलं नाही. एक दिवससुद्धा नाही.

हे ऐकून अण्णांना जे वाटलं त्याला राग म्हणता आलं नसतं. इतकी वर्षं ज्या बाईचा दाखला ते गावभर देत होते, ती बाई कोणी दुसरीच निघाली होती. ते टेबलाच्या कडेला धरून उठले. "मला एकदा सांगायचंस तरी," ते म्हणाले. आवाजात मालकपणा उरला नव्हता. "एकदा. मी काय राक्षस आहे?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"शेवटची बाई गेली त्या संध्याकाळी. मी येऊन तुमच्याकडे पाठ करून उभी राहिले."

अण्णांचा हात पुन्हा टेबलाच्या कडेकडे गेला.

"या लाँड्रीत 'पुरे' म्हणायची दुसरी कुठली पद्धत आहे?" माई म्हणाली. तिच्या बोलण्यात चीड नव्हती, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "सासूबाईंनी बाईला एवढीच एक सोय करून ठेवली होती. मला वाटलं, आता तरी तुम्ही सोडाल. तुमचे हात मागे लागले तेव्हा मला रडू आलं होतं, बरं वाटून. आणि तुम्ही ती आवळलीत. वर दुसरी मारलीत."

आत्यांनी तोंडावर पदर घेतला. थोरलीनं खाली पाहिलं.

"पण त्यात तुमचा काय दोष," माई पुढे म्हणाली. तिला नवऱ्याचा पडलेला चेहरा बघवत नव्हता. आयुष्यभराची सवय, तीच त्याला सावरू लागली. "तुमच्या ते लक्षातच आलं नाही. पुरुषांच्या येत नाही. मी त्याच रात्री मनाची समजूत घातली, की माणसाला कळलंच नाही तर तो काय करणार. कळेल कधीतरी. मग उभी राहत गेले. मी काही तुम्हाला सोडून चालले नाही हो. वर राहिले तर खालचा आवाज ऐकून माझे पाय आपोआप उतरतील, म्हणून दूर जातेय. मी नुसती बसायला जातेय. खुर्च्या दोन नेल्यात. तुम्ही रविवारी या. चहा करीन."

इतकं सोपं होतं सगळं. अण्णांनी फक्त बरं म्हणायचं होतं. थोरली मनात म्हणत होती, म्हणा, अण्णा, येतो म्हणा. धाकट्यानं आईची पिशवी उचलायला हातही पुढे केला होता. रविवार येणार होता, चहा होणार होता, आणि त्या संध्याकाळचा गैरसमज पुढे नातवंडांना हसत हसत सांगायची गोष्ट झाला असता. अण्णांना आयुष्यात एवढी स्वस्तात माफी कधी मिळाली नव्हती. पण ते बरं म्हणाले नाहीत. माईच्या चांगुलपणाखाली ते असे काही दबून गेले, की त्यांना तिथं उभं राहवेना.

"मला कळलं होतं," ते म्हणाले.

माई त्यांच्याकडे बघत राहिली.

"काम संपलं होतं," अण्णा म्हणाले. "दिवे मालवायची वेळ. त्या वेळी कोणी एप्रन बांधतं का? मला कळलं होतं, अगं. पहिली गाठ हातात धरली, सोडायलाच धरली होती. आणि मग माझ्या मनात आलं, ही उद्यापासून वर बसणार. मग मीही केव्हातरी वर बसणार. समोरासमोर. दिवसभर. इतक्या वर्षांत आपण कामाखेरीज काय बोललोय? गठ्ठे आले, गठ्ठे गेले, खळ संपली. काम नसताना तुझ्याशी काय बोलायचं, मला माहीत नव्हतं. तू समोर दिसत राहावीस, एवढंच मला हवं होतं. म्हणून बांधली."

"तेव्हाच कळलं होतं?"

"हो. दुसरी गाठ मारतानाही."

माईनं मान हलवली, एखादा हिशेब उशिरा का होईना लागल्यासारखी. "तुम्हाला कळलं नाही, असं मी धरून चालले होते," ती म्हणाली. "पाय दुखले की मी तेच म्हणायचे, त्यांना कळलं नाहीये. त्याच्यावर चार वर्षं काढली मी. दुसरं काही नव्हतं माझ्याजवळ."

अण्णा हात पुढे करून तिच्याजवळ आले. ती मागे सरली नाही, पण तिनं आपला हातही उचलला नाही. तिनं पदर नीट केला आणि धाकट्याला म्हणाली, चल, उजेड आहे तोवर पोचू.

"मी रविवारी येतो," अण्णा घाईघाईनं म्हणाले.

"रविवारचं राहू दे आता."

"मग कधी येऊ?"

"सांगेन."

"कधी सांगशील?"

"माहीत नाही," माई म्हणाली. "मला तरी कुठे माहीत होतं, तुम्ही गाठ कधी सोडाल ते."

आत्या तिला दारापर्यंत सोडायला गेल्या आणि मग पुढे चालतच राहिल्या, वहिनीच्या दंडाला धरून, नवे बूट चिखलात भरताहेत याची पर्वा न करता. धाकट्यानं वळून बहिणीला सांगितलं, उद्या सकाळी येईन, दवाखान्याची गाडी तेवढी उतरवून देतो, परवाचं मला माहीत नाही. थोरलीनं मान डोलावली. तेवढं पुरे होतं. कोणी उद्यापुरतं येतो म्हणालं, तर ते उद्यापुरतंच धरून चालायला आता तिला शिकायचं होतं.

तिनं दवाखान्यात फोन लावला आणि सांगितलं, की उद्यापासून आम्ही निम्म्याच चादरी घेऊ, उरलेल्यांची सोय दुसरीकडे करा. पलीकडच्या माणसानं कुरकुर न करता बरं म्हटलं. इतकी वर्षं हा फोन आपण का केला नाही, असं तिच्या मनात आलं आणि मग बराच वेळ ते मनातून जाईना. फोन ठेवून ती वळली तर अण्णा टेबलापाशी तसेच उभे होते, दाराकडे बघत.

"उद्या मी कितीला उतरू?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न या लाँड्रीत मालकाला लोक विचारत आले होते. थोरलीला कसंतरीच झालं. "तुम्हाला उतरावंसं वाटलं तर उतरा, अण्णा," ती म्हणाली. "नाही वाटलं तर नका उतरू."

अण्णांनी लेकीकडे पाहिलं, आणि त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, अडवणूक नव्हती, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"वाटतं की नाही, ते कसं कळतं गं?"

थोरलीला ते कधी कोणाला विचारावं लागलं नव्हतं. तिनं मनापासून शोधलं, पण बापाला सांगता येईल असं तिला काही सापडलं नाही.